एकाहत्तर नंबरचं तिकीट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडिलांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही. ऐका, एवढंच.

आम्ही पंचवटीतले तीर्थोपाध्याय. यजमान आले की त्यांच्या पणजोबाचं नाव वहीतून काढून दाखवायचं, हा आमचा धंदा. वहीत आहे ते खरं, नाही ते झालंच नाही, अशी आमची पत. म्हणून आळीतल्या तालमीनं छपरासाठी सोडत काढली, तेव्हा तिकिटांची वही माझ्याकडे आली. दुसऱ्या कुणाकडे जाणार?

दर महिन्याला तीनशे नंबर, तिकीट आठ आण्याला. जमेल त्यातलं अर्धं छपराला, अर्धं बक्षिसाला. आणि मेख अशी, की न विकलेले नंबरही हंड्यात टाकायचे. तसला निघाला की बक्षीस कुणालाच नाही, रक्कम पुढच्या महिन्यात जमा. चार महिने असंच झालं. बक्षीस लागेना म्हणून वाढत गेलं, आणि वाढलं म्हणून माणसं तिकिटांवर तुटून पडली.

त्यात हमीदभाई टांगेवाला. ट्राम बंद झाल्यापासून स्टेशनवरून आमचे यजमान तोच आणायचा, वडिलांची ने-आणही त्याच्याच टांग्यातून. त्याची घोडी पायानं अधू झालेली. दुसरी घेतली नाही तर टांगा बंद. तो तिकीट न्यायला आला तेव्हा आमच्याकडे चुलत्यांचं सुतक होतं. सुतकात आम्ही वहीला हात लावत नाही, लेखणीलाही नाही. तिकीट दिलं, त्याचे आठ आणे पेटीत टाकले, म्हटलं, सुतक फिटलं की नाव लिहू. आणि — विसरलो. इथपर्यंत पाप नाही, नाही का?

सोडत तालमीच्या अंगणात, भर दुपारी. वस्तादांनी हंड्यात हात घातला, चिठ्ठी उलगडली. एकाहत्तर. मी वही उघडली. एकाहत्तरपुढे कोरं. आणि मला आठवलं — हे नीट ऐका — त्याच क्षणी आठवलं. हमीदभाई. म्हणायचं काय होतं? "थांबा, नाव लिहायचं राहिलं." लोक हसले असते. उपाध्यांच्या वहीत नाव राहिलं, म्हणून चार दिवस गावभर झालं असतं. बाकी काय झालं असतं? मी म्हणालो, "विकलेलं नाही." लोक खूशच झाले, रक्कम वाढली ना.

हमीदभाई तेव्हा गाडीच्या वेळेला स्टेशनवर होता. संध्याकाळी आला. त्याला आकडे वाचता येत नव्हते. तिकीट माझ्यापुढे धरून म्हणाला, "महाराज, बघा बरं, आपलं काय झालं?" मी पाहिलं. चांगलं पाहिलं. "नाही लागला," म्हटलं. "जाऊ द्या, नशिबात नाय," म्हणत तो तिकीट माझ्याच हातात ठेवून गेला. ते मी चुलीत घातलं. मग जेवलो. भूक लागली होती.

हिशेबात आठ आणे जास्त निघाले, ते देवापुढे ठेवले. केवढा प्रामाणिक माणूस! पुढच्या महिन्यात बक्षीस एका किराणावाल्याला लागलं. त्याचं नाव मी खणखणीत आवाजात वाचलं.

वैशाखात घोडी बसली ती उठलीच नाही. हमीदभाईनं टांगा विकला, आणि बायकापोरं घेऊन मालेगावला मेहुण्याच्या हातमागावर कामाला निघाला. निघायच्या सकाळी माझ्या दारात आला. मला वाटलं, कळलं याला. भीतीही वाटली नाही, नुसतं बघत राहिलो. पण तो माफी मागायला आला होता. "महाराज, उद्यापासून तुमची सवारी माझ्याच्यानं होणार नाय, राग मानू नका. दुसरा टांगेवाला बघून ठेवलाय. वडिलांना चढताना खालून हात द्यावा लागतो, ते त्याला समजावून सांगितलंय."

मी "बरं" म्हणालो आणि दार लावून घेतलं.