माझ्याच तासाला मुका होणारा स्पीकर

ती गेली त्याला दोन महिने होत आले. तिच्या भाचीचं पत्र आलं आहे. मावशीच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढतो आहोत, तुम्ही तिच्या सर्वांत जुन्या मैत्रीण, चार पानं लिहून द्या. मी रोज थोडं लिहिते आणि फाडते. जे लिहून होतं आहे ते पुस्तिकेत जाणार नाही, हे कालपासून कळलं आहे. म्हणून आज फाडत नाही.

सत्तरच्या दशकात नागपुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले. ती तिथे आधीपासून विज्ञान शिकवत होती. माझी नेमणूक दोन वर्षांपुरती होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, चांगला शेरा लिहिला तर मी कायम होणार, नाहीतर घरी बसणार. घरात आई आणि मी, कमावणारी मी एकटी.

त्याच वर्षी शाळेत स्पीकर बसवले. मोठ्या बाईंच्या शेजारच्या खोलीत मुख्य यंत्र होतं, त्यावर प्रत्येक वर्गासाठी एक बटण. तिथून निघालेल्या तारा चौदा वर्गांत फळ्याच्या वर टांगलेल्या लाकडी पेट्यांपर्यंत गेल्या होत्या. मोठ्या बाईंना त्यातलं काही कळत नसे. त्यामुळे यंत्र तिच्याकडे आलं.

महिन्याभरात माझ्या तासांना पेटी मुकी व्हायला लागली. लस टोचायला मुलींना पटांगणात पाठवा, ही सूचना सगळ्या शाळेने ऐकली, आम्ही ऐकली नाही. एकदा शाळा अर्ध्यावर सोडली आणि माझ्या मुली कवितेचा अर्थ उतरवत बसून राहिल्या. मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं.

"तेरा वर्गांना ऐकू येतं, तुम्हालाच कसं येत नाही? की तुमचं बोलणंच थांबत नाही, बाई?"

शेरा लिहिणारा हात त्यांचाच होता. मी रडवेली होऊन तिच्याकडे गेले. ती हसली.

"इतकी घाबरून काहून राहिली वं? सांधा ढिला असन कुठं तरी. रविवारी ये, पाहू आपण."

मग आमचे रविवार सुरू झाले. रिकाम्या शाळेत ती टेबलावर स्टूल चढवून उभी राहायची, पदर खोचलेला, टेस्टर दातांत धरलेला. मी खाली स्टूल घट्ट धरून. तार खरवडून ती नवी टेप गुंडाळायची. एकदा सात नंबरची पेटी काढून आठ नंबरात लावली आणि आठची सातात. सोमवारी ठीक, मंगळवारी पुन्हा मुकी. ती म्हणायची ओल धरली असेल, कधी म्हणायची खारीने तार कुरतडली. एकदा मी विचारलं, खार फक्त मराठीच्या तासाला येते का? "तुझ्या कविता ऐकून पळून जात असन बिचारी," ती वरून म्हणाली, आणि दोघींच्या हसण्याने स्टूल डगमगलं.

काम झालं की व्हरांड्यात बसून तिच्या डब्यातली कोथिंबीर भरलेली सांबारवडी खायची. मी पिशवीतलं पुस्तक काढून वाचून दाखवायची, ती संत्र्याच्या फोडी सोलून माझ्या हातावर ठेवायची. मला अशी मैत्रीण त्याआधी नव्हती.

याच सुमारास दहावीच्या वर्गात एका मुलीचं लग्न परीक्षेच्या आधीच उरकायचं ठरत होतं. मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "लग्नाची तारीख पुढे ढकलता येते गं, परीक्षेची येत नाही. घरी सांगा तसं." आठवड्याभरात मोठ्या बाईंनी हेच वाक्य मला शब्दन् शब्द ऐकवलं. "पालक मुलींना शिकायला पाठवतात. तुमचे विचार ऐकायला नाही. पुढच्या वर्षी इथे राहायचं आहे ना?"

कोणी सांगितलं असेल? पहिल्या बाकावरच्या एका मुलीचे वडील संस्थेच्या कार्यकारिणीत होते. मी तिला वक्तृत्व स्पर्धेतून काढून टाकलं. तिने कारण विचारलं नाही. खाली मान घालून भाषणाचे कागद तेवढे परत केले.

तारांमधलं मला कळत नाही, कागदातलं थोडं कळतं. पेटी कधी मुकी झाली ते मी एका वहीच्या शेवटच्या पानांवर टिपत गेले होते, वार, तास, वर्ग. एका दुपारी शिक्षक खोलीत त्या वहीशेजारी शाळेचं वेळापत्रक ठेवलं. मंगळवारी तिसरा तास, सात नंबर. गुरुवारी पाचवा, अकरा नंबर. याच वर्गांत दुसऱ्या बाई शिकवत असताना एकदाही बिघाड नव्हता. तार काही वेळापत्रक पाहून तुटत नाही. बिघाड माझ्याबरोबर या वर्गातून त्या वर्गात फिरत होता. मग आणखी एक गोष्ट दिसली. त्या प्रत्येक तासाला तिच्या नावापुढचा चौकोन रिकामा होता.

पुढच्या गुरुवारी पाचव्या तासाला मी मुलींना निबंध दिला आणि यंत्राच्या खोलीकडे गेले. दार लोटलेलं होतं. ती स्वेटर विणत बसली होती. तेरा बटणं वर, अकरा नंबरचं खाली. यंत्राच्या जाळीतून बाक सरकल्याचा आवाज आला आणि एक मुलगी कुजबुजली, "बाई कुठे गेल्या गं?"

बटण वर असलं की वर्गातली पेटी बोलायची. खाली केलं की तीच पेटी वर्गातलं इकडे ऐकवायची. सूचना द्यायला मोठ्या बाई अचानक आत आल्या की ही लगबगीने उठत असणार आणि बटण खालीच राहत असणार. बिघाड एवढाच होता.

"तू बटण वर करायला विसरतेस," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

तिच्या सुया थांबल्या. "बस जरा."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मोठ्या बाई म्हणे, नवीन बाईवर ध्यान ठेवा. मी नाही म्हटलं असतं तर दुसरीले बसवलं असतं. मी निदान अर्धंच सांगून राहिली होती. तुझ्यासाठीच ना वं."

"आणि रविवार?"

तिने सुया लोकरीच्या गुंड्यात खोचल्या. "तू किती खुश राहायची रविवारी," ती म्हणाली. "मले बी बरं वाटे."

माझ्यादेखत तिने चांगल्या तारा खरवडल्या होत्या. चांगल्या तारांना टेप गुंडाळली होती. तिचं मोठ्या बाईंना जाऊन सांगणं मी कदाचित विसरले असते. ते स्टूल मी इतकं जीव लावून धरलं होतं, ते विसरता आलं नाही. आजही तिच्यासाठी रडू येतं तेव्हा ती स्टुलावरच उभी दिसते आणि रडणं मध्येच थांबतं.

त्यानंतर पेटी कधी मुकी झाली नाही. दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, सकाळची शाळा सुरू झाल्यावर, मला कायम झाल्याचं पत्र मिळालं. तिने कोणतं अर्धं सांगितलं आणि कोणतं गिळलं, हे मी विचारलं नाही. आता विचारायला कोणी नाही. निवृत्त होईपर्यंत आम्ही एकाच खोलीत डबा खाल्ला, उन्हाबद्दल आणि पेपर तपासण्याबद्दल बोललो.

त्या पत्रानंतर मी वर्गात पुस्तकाबाहेरचं एक वाक्य बोलले नाही. दोन वर्षांनी दहावीतली एक मुलगी तास संपल्यावर माझ्यामागे आली. "बाई, माझं परीक्षेच्या आधीच ठरवून राहिले घरचे. तुम्ही येऊन बोलाल का बाबांशी?"

"बघू," मी म्हणाले, "सोमवारी सांगते."

सोमवारी मी सातवा धडा शिकवला. घंटा झाली तेव्हा ती मुलगी पुढच्या दारापाशी उभी होती. मी मागच्या दाराने बाहेर पडले.