भावाचा सिनेमा

सातपूरला आमच्या शेजारी राहणारी तेलुगू बाई प्रत्येक वाक्याला शेवटी 'ना' जोडायची. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून तिचं माहेर तुटलं होतं. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही. एका दुपारी मात्र पदराखाली सीडी धरून आली.

"वहिनी, तुमच्याकडे प्लेयर आहे ना? माझा भाऊ हिरो झाला ना!"

सिनेमा खुनाबिनाचा, अगदी स्वस्तातला. नट सगळे नवखे, पिस्तूलही खेळण्यातलं वाटत होतं. मला भाषा कळत नव्हती, आणि तिचं गोष्टीकडे लक्षच नव्हतं. "किती वाळलाय ना," "मिशी बाबांसारखीच ना," असं ती पुटपुटत होती.

पोलिसांपासून लपलेल्या भावाने एका दुकानातून फोन लावला आणि दबक्या आवाजात हाक मारली, "अक्का!"

तिने चटकन ओ दिली.

पडद्यावर मात्र दुसरीच बाई रिसीव्हर कानाला लावून रडायला लागली. माझी शेजारीण ओशाळली. बराच वेळ हातातल्या बांगड्या मागेपुढे करत राहिली.

"वहिनी, तेवढंच परत लावा ना," ती शेवटी म्हणाली. "आणि ती बाई यायच्या आत बंद करा."