रांगेतला निळा ड्रम

नर्सबाई पंचशीला सोनकांबळेनं गौरम्माला नवऱ्याच्या घरून फूस लावून आणली, अशी गल्लीत बोलवा होती. बसम्माकाकू हे सांगताना आधी पदर ओठांवर धरायची, मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायची, "करणी हाय बाई, करणी."

तसं काही नव्हतं. पंचशीलाची मुखेडहून उदगीरला बदली झाली आणि तिसऱ्या दिवशी गौरम्मा बिरादार शिलाई मशीन यष्टीच्या टपावर टाकून दारात हजर. "बदली करताना मला कुणी इचारलं न्हाई," एवढंच बोलली. त्याला अठरा वर्षं झाली.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. गल्लीत आठवड्याला टँकर यायचा. ड्रम रांगेत लावलेलेच असत. घरचं माणूस नसलं तर शेजारी पाइप फिरवायचे. ईश्वरप्पाचं घर लग्नाला गेलं, तेव्हा त्याचे तीनही ड्रम भरून, वर झाकण लावून ठेवले होते.

एप्रिलात नांदेडच्या विद्यापीठातली एक पोरगी फॉर्म घेऊन आली. जोडीनं राहणाऱ्या बायांचा अभ्यास होता. एकीचं उत्तर दुसरीनं ऐकायचं नाही, असा नियम. आणि घर एका खोलीचं. म्हणून गौरम्माचं झाल्यावर पंचशीलाचा फॉर्म दारात, ड्रमापाशी भरला. जन्मभर दुसऱ्यांच्या उंबऱ्यावर बसून तिनंच फॉर्म भरलेले.

"जोडीदाराबाबत आपण कितपत समाधानी आहात? एक ते पाच."

"पाच. घोरते, ते लिवायला जागा हाय का?"

"अडचणीत शेजाऱ्यांचा आधार वाटतो?"

पंचशीला रांगेकडं बघत राहिली. "तीन."

भिंतीला भिंत लागून आमचं घर. मला राहवलं नाही. "मावशी, तीनच? निम्मी गल्ली तुमच्या हातची सुई घेती, निम्मी गौरम्मामावशीचं पोलकं घालती."

"आमी दोघी नसताना ह्यो ड्रम कुणी भरला तर सांग."

"भरतील. न्हाई भरला तर दोन घागरी माझ्याकडून."

पुढच्याच आठवड्यात गौरम्माच्या पोटात उठलं. पंचशीलानं उजवीकडं दाबून बघितलं आणि तिला कळलं, अपेंडिक्स. "लातूर गाठावं लागतंय."

"उदगीर जिल्हा होऊ द्या, मग शिव्हिल दवाखाना इथंच," ईश्वरप्पा रिक्षाला वाट देत म्हणाला.

"काकू, ड्रमाकडं बघा जरा."

"हाव हाव, निघा तुमी," बसम्माकाकू म्हणाली.

लातूरच्या दवाखान्यात खिडकीतल्या माणसानं मान वर केली नाही. "पेशंटची कोण?"

"एका घरात राहतो आमी."

"नातं इचारतोय, बाई."

"बहीण."

"तुमी सोनकांबळे, त्या बिरादार. बहीण?"

"पेशंट शुद्धीवर हाय. तिची सही चालती. मी नर्स हाय."

"मग तुमाला कळायला पाहिजे. रक्ताचं माणूस आणा."

आत गौरम्मा कण्हत होती. भांडायला वेळ नव्हता. अठरा वर्षांत कधी न लावलेला नंबर पंचशीलानं स्वतः लावला. निलंग्याहून गौरम्माचा भाऊ चन्नबसप्पा आला, त्यानं एका मिनिटात सही केली. ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी सुट्टीच्या कागदावरही त्याचीच सही होती, आणि जीपही त्याचीच.

"आमच्या घरी नेतो. बाहेरच्यांनी लई केलं."

पंचशीलानं गोळ्यांची पुडी पुढं केली. "ही सकाळी, जेवल्यावर. ही—"

"वाचता येतंय आमाला."

गौरम्माला दोघांनी धरून मागच्या सीटवर आडवं केलं होतं. तिला उठता येत नव्हतं. "शीला, मशीन झाकून ठेव," ती म्हणाली. "धूळ लई हाय."

एवढ्यात जीप निघाली.

पंचशीला यष्टीनं एकटीच परतली. मधल्या काळात टँकर येऊन गेला होता. रांगेतले सगळे ड्रम भरलेले, झाकलेले. मधला निळा ड्रम होता तिथंच होता. कुणी हलवला नव्हता, त्याची जागा घेतली नव्हती. तळाला बोटभर धूळ.

"घरात माणूसच न्हवतं," बसम्माकाकू म्हणाली, "कुणाला इचारून भरावं?"

मीही भरला नव्हता. मी भरला तर पैज कसली, असं मला वाटलं होतं.

पंचशीलानं आधी आत जाऊन मशीनवर चादर टाकली, मग बाहेर येऊन ड्रम आडवा करून पुसला. मी घरातून दोन घागरी आणल्या आणि नुसतीच उभी राहिले.

"हरलीस न्हवं," ती म्हणाली. "टाक."