दिरमू म्हणजे जवळ ये

सुमेधा धर्माधिकारी काष्टीजवळच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. वय पंचेचाळिशीच्या पुढं, एकट्याच, बाजारपेठेमागं भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या. भाषा आणि प्राण्यांची समज हा त्यांचा विषय. कुत्र्याला शब्द कळतो, की नुसता आपला सूर कळतो, हे त्या वर्गात विचारायच्या. "मॅडम, आमच्या कुत्र्याला शिवी बरोबर कळती," असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं. "तीच शिवी उद्या लाडात देऊन बघ," त्या म्हणायच्या.

कँटीनमागच्या मोकाट कुत्र्यांवर त्यांनी प्रयोग सुरू केला. 'ये', 'यू यू' हे कुत्र्यांनी जन्मापासून ऐकलेलं, म्हणून बाईंनी कुणाच्याच तोंडी नसलेला शब्द बनवला: दिरमू. दिरमू म्हणजे जवळ ये, खायला आहे. हात मागं बांधून, भिंतीकडं तोंड करून, बातम्या वाचाव्यात तशा कोरड्या आवाजात त्या तो म्हणायच्या. हळूहळू कुत्री यायला लागली. मग त्याच आवाजात त्या 'तिरमू' म्हणायच्या, आणि कुत्री कान टवकारून जागच्या जागी थांबायची.

पुढची पायरी परक्या आवाजाची होती. शब्द खरोखर कळला असेल, तर तो कुणीही म्हटला तरी कळायला हवा. त्यासाठी त्यांनी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या हनुमंतमामांना उभं केलं. मामा कुत्र्यांच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. त्यांनी ओशाळून शब्द म्हटला, आणि सगळी कुत्री शेपट्या हलवत त्यांच्या पायाशी आली. बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी सगळ्या स्टाफला चहा पाजला. पुण्याच्या परिषदेत निबंध वाचायचं त्याच आठवड्यात ठरलं.

कॉलेजच्या कुंपणापलीकडं एक वस्ती आहे. तिथं मामांचं घर, आणि भिंतीला भिंत लागून शकिलाचं. शकिला बाजारात भाजी विकायची. तिची मुलगी फलक दुसरीत होती. एक दिवस तिला ताप भरला, पाणी पुढं केलं की ती किंचाळायला लागली. मामांनीच तिला टेम्पोत घालून नगरला नेलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं पोटरीवरची बुजलेली खूण दाखवली. बाजारात कुत्र्यानं धरलं होतं, अम्मी रागवेल म्हणून सांगितलं नव्हतं. तोवर वेळ निघून गेली होती. पोर मामांच्या डोळ्यांदेखत गेली.

त्यानंतर एका सकाळी सुमेधाबाई कॉलेजात आल्या, तर कँटीनमागं कुत्री आडवी पडलेली. तोंडाला फेस, पाय ताठ. पाव इकडंतिकडं सांडलेले. सगळी एकाच जागी मेली होती, हाकेला धावून आल्यासारखी. कोपऱ्यात मामा खड्डा खणत होते.

"मामा, कुणी केलं हे?"

"मीच टाकलं पाव, मॅडम. इख घालून."

बाईंनी सांडलेल्या पावांकडं पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "बोलावलं कसं?"

मामांनी कुदळ थांबवली. "तुमच्याच शब्दानं. दुसऱ्या कशानं माझ्याजवळ आली असती का?"

"या कुत्र्यांनी नव्हतं चावलं तिला."

"व्हय, नसंल. पर कोन चावलं ते दावा की मला. त्या पोरीला बांधून ठिवली हुती मॅडम, खाटंला. मी पाय धरलं हुतं तिचं."

बाईंनी तक्रारीचा कागद लिहायला घेतला. दोन ओळी झाल्या आणि हात थांबला. संध्याकाळी त्या शकिलाकडं गेल्या. शकिलानं बसायला पोतं टाकलं. बाई म्हणाल्या, "मला फार वाईट वाटलं."

"तुमी कुत्र्यांना बोली शिकवत हुता म्हने," शकिला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मग त्यांला इचारायचं ना, माझ्या लेकीला कोन चावलं."

शकिलानं चहा केला. तिनं दिलेला म्हणून त्या तो प्यायल्या.

पुण्याला त्या गेल्या नाहीत. त्यांच्या जुन्या मार्गदर्शकांनी फोनवर समजावलं, "निष्कर्ष तर बरोबरच आहे, सुमेधा. कुत्री मेली म्हणून तो खोटा ठरत नाही."

"खोटा ठरला असता तर बरं झालं असतं, सर," त्या म्हणाल्या.

पुढं त्यांनी पशुवैद्याला गाठून गावातल्या कुत्र्यांना लस टोचून घेण्याचं काम अंगावर घेतलं. दवाखान्यातली माणसं जाळी घेऊन यायची. कुत्री उसातून पळायची, हाताला लागतील त्यांना टोचायचं. एकदा बाईंच्या मनगटाचा लचका निघाला. इंजेक्शनं घेऊन त्या परत कामाला लागल्या. काम अजून अर्धंच झालं आहे.

तक्रार त्यांनी केली नाही. माफही केलं नाही. हनुमंतमामा सकाळी प्रयोगशाळा उघडतात, बाई तास घेतात. दोघांत कामापुरतं बोलणं होतं. यंदा एका मुलीनं वर्गात विचारलं, प्राण्यांना आपली भाषा शिकवता येते का? "येते," सुमेधाबाई म्हणाल्या, आणि पुस्तकातलं पान काढून वाचायला लागल्या.