भाऊंच्या दोन बोटांतला आवाज

"हां, बघू द्या."

भाऊ असं म्हणायचे. अंगठा आणि पहिलं बोट ॲम्प्लिफायरच्या गोल बटणावर ठेवायचे, मान जराशी पुढं काढायचे आणि काचेपलीकडं माइकसमोर उभ्या असलेल्या माणसाला मानेनं खूण करायचे. दुसरा कुणी रेकॉर्डिंगवाला असता तर "ऐकू द्या" म्हणाला असता. पण आपण चव बघतो, नाडी बघतो, तसे हे आवाज बघत असतील, असं समजून मी ते सोडून दिलं होतं.

मानवतला धान्य-कापसाच्या मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं कॉम्प्युटर आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारची खोली भाऊंची होती. आत चारी भिंतींना गाद्या ठोकलेल्या. आमच्याकडच्या कापसाची गादी लोक झोपायला वापरतात, भाऊंनी ती आवाज अडवायला वापरली. खोलीच्या मधोमध काच. अलीकडं भाऊ आणि त्यांचा कॉम्प्युटर, पलीकडं गाणारा. भजनी मंडळं यायची, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची गाणी व्हायची, रिक्षावर लावायच्या जाहिराती व्हायच्या. एकदा एक कापडदुकानदार स्वतःच्याच आवाजात जाहिरात करायला आला आणि माइकवर असा ओरडला की माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "शेठ, गिऱ्हाईक बोलवायलाय का हाकलायलाय?"

तरुणपणी भाऊ लग्नाच्या वरातींत साउंड घेऊन फिरले होते. देवगाव फाट्यापासून सोनपेठपर्यंत त्यांच्या कर्ण्यांशिवाय लग्न लागत नसे, असं ते सांगायचे. आता पन्नाशी ओलांडली होती. अंगावर कायम पांढरा शर्ट, खिशात एक डबी. तंबाखूची असेल, असं मला वाटायचं.

एक दिवस ते जुनाच पण चांगला ॲम्प्लिफायर घेऊन माझ्याकडं आले. यूएसबीची वायर कॉम्प्युटरला लावली की गाणं वाजत होतं, पण त्यांचं समाधान होत नव्हतं. सॉफ्टवेअरचा आवाज वेगळा, ॲम्प्लिफायरचा वेगळा. पडद्यावर आवाज निम्मा दिसायचा आणि खोलीत कानठळ्या बसायच्या.

"मालक," ते म्हणाले (मला ते मालकच म्हणायचे), "हे बटण इथं फिरवलं की तिथं पडद्यावर हललं पाहिजे. दोन्ही एक झाले पाहिजेत. मला दिसलं पाहिजे."

"कानाला कळतंय की, भाऊ. दिसायची काय गरज?"

ते नुसतं हसले.

माझी सगळी दुपार त्यात गेली. ॲम्प्लिफायरचा ड्रायव्हर शोधून टाकला, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये शिरून आवाजाचा ताबा त्याच्याकडून काढून यंत्राकडं दिला, कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. मग भाऊंनी दोन बोटांनी बटण फिरवलं आणि पडद्यावरची आवाजाची पट्टी कुणी हात न लावता सरकली. भाऊंनी परत खाली आणली. परत वर नेली. "चाललंय! बघा, चाललंय!" एवढा मोठा माणूस, पण जत्रेत पाळण्यात बसल्यासारखा तोंडभर हसत होता. मलाही बरं वाटलं. हेच बटण पुढं माझ्या छातीवर फिरणार आहे, हे तेव्हा मला कुठलं कळायला!

माझी बायको वैशाली दुपारी माझा डबा घेऊन दुकानात येते. ती सोनपेठकडची, गंगेकाठच्या गावातली; गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. तिच्या माहेरी मेंढरं होती. मेंढरांमागं फिरताना तिची आजी ओव्या म्हणायची, त्या हिच्या तोंडात बसलेल्या. घरात भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना ती गुणगुणत असते. आमच्याकडं पाण्याची मोटर चालू असते, तसंच ते मी धरून चाललो होतो.

त्या दिवशी ती दुकानाच्या दारात डब्याची पिशवी सोडता सोडता काहीतरी म्हणत होती. भाऊ शेजारच्या दारात उभे होते. ते तिच्याकडं टक लावून बघत राहिले. मग पुढं येऊन म्हणाले, "ताई, ते काय होतं? आत येऊन म्हणता का?"

मला वाटलं, ही लाजेल, नाही म्हणेल. ती सरळ आत गेली.

ती काय म्हणाली, ते सांगतो:

गंगेच्या पान्यामधी कोकराचं पाय भिजं,
आईची वाट बघं, वाळूमधी ऊन निजं.

मी हे कितीदा ऐकलं असेल. पण त्या काचेपलीकडून, त्या गाद्यांच्या खोलीतून जे आलं, ते मी ऐकलेलं नव्हतं. गाणं संपल्यावर भाऊंनी बटणावरची बोटं काढली नाहीत. "ताई," ते म्हणाले, "अशा अजून किती हायत?"

"लय हायत," वैशाली म्हणाली. तिचा चेहरा मी लग्नानंतर असा पाहिला नव्हता.

त्यानंतर ती रोज दुपारी डबा मला द्यायची आणि शेजारी जायची. मी आपला घास चघळत भिंतीकडं बघायचो. गाद्यांमुळं काही ऐकू यायचं नाही, ते आणखी वाईट. कुणाला काय म्हणावं, बघा, त्या भिंतीला गाद्या ठोकायला हातोडी मीच दिली होती.

मग मीही जाऊन बसायला लागलो. दुकानाला अर्धं शटर लावायचं आणि भाऊंच्या मागं स्टुलावर बसायचं. आणि तिथं जे दिसलं, त्यानं मला भाकरी गोड लागेना. वैशाली डोळे मिटून गायची आणि भाऊ तिच्याकडं बघायचे. कॉम्प्युटरकडं अधूनमधून नजर, बाकी सगळा वेळ तिच्याकडं. तिच्या ओठांकडं. तिच्या गळ्याकडं. पापणीसुद्धा हलायची नाही. बोटं मात्र बटणावर हलत राहायची, पडद्यावरची पट्टी वरखाली सरकत राहायची, आणि आत हेडफोन लावून उभ्या असलेल्या माझ्या बायकोचा चेहरा त्या पट्टीबरोबर उजळत जायचा. ती जोडणी मी केलेली होती.

बारीकसारीक गोष्टी टोचायला लागल्या. डब्यात ठेचा आता दोन जागी यायचा. चहा आणला तर भाऊंचा बिनसाखरेचा वेगळा. माझ्याशी ती पाठमोरी, काम करता करता बोलते. भाऊंशी बोलताना मात्र थांबायची, अगदी समोर उभी राहायची, तोंड वर करून एकेक शब्द नीट बोलायची. माझ्याशी इतकं नीट ती लग्न ठरतानाही बोलली नव्हती.

शेवटी एक दिवस ती घरी गेल्यावर मी भाऊंच्या मागं उभा राहून म्हणालो, "भाऊ, गाणं कानानं ऐकायचं असतंय. डोळ्यानं न्हाई. दुसऱ्याच्या बायकोकडं असं बघत बसणं बरं दिसत न्हाई."

भाऊ वायर गुंडाळत राहिले.

"भाऊ, मी तुमाला बोलायलोय!"

वायर गुंडाळून झाली. ते वळले, मला बघून दचकले. "अरे, मालक, हायत का तुमी? मला वाटलं गेलात."

मी तसाच उभा. माझ्या तोंडावरचा राग त्यांना दिसला असावा. ते म्हणाले, "काही म्हणलात का? माझ्याकडं तोंड करून बोला. पाठीमागचं मला बिलकुल कळत न्हाई आता."

मग त्यांनी खिशातली डबी काढून उघडली. आत कानाचं यंत्र होतं. "हे लावलं की सगळंच एका पट्टीत येतं. भांडं पडलेलं बी अन् माणूस बोललेलं बी. गाण्याला काही कामाचं न्हाई. कर्ण्यांनी खाल्लं सगळं. वरातीत कर्ण्यासमोरच उभा राहायचो ना." त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "म्हणून तुमाला म्हणलो होतो, दिसलं पाहिजे. पट्टी दिसते, ती हिरवी रेघ उड्या मारती ती दिसते. अन् ताईचा गळा दिसतो. श्वास भरला की खांदे वर जातात, ते दिसतं. मग मला कळतं, आता मोठा येणार, आता बारीक येणार."

"म्हणजे तिचा आवाज तुमाला..."

"थोडा येतो. लांबून यावा तसा. गंगेच्या पलीकडून कुणी हाक मारल्यासारखा."

मी आधी जे बोललो होतो ते परत बोललो नाही. त्यांनीही परत विचारलं नाही.

घरी जाऊन वैशालीला सांगितलं. वाटलं, तिला धक्का बसेल. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला माहीत हाय की. पहिल्याच दिवशी कळलं. मी पाठ करून बोलले तर ते बोललेच न्हाईत."

"मग मला कामून सांगितलं न्हाई?"

"तुमाला वाटलं न्हाई का कधी, हे असं काय बघतात म्हणून?"

मला काय वाटत होतं, ते मी कसं सांगणार! भाऊंच्या डोळ्यांत काही वावगं असतं तर भांडता आलं असतं. आता भांडायलाही जागा उरली नाही. मला दोन धडधाकट कान आहेत, आणि ज्याला धड ऐकूही येत नाही, अशा माणसावर मी जळत होतो. आणि ते कळल्यावर कमी जळायला पाहिजे होतं, तर उलट जास्तच जळायला लागलो.

म्हणून एक दिवस मी म्हणालो, "भाऊ, आज बटण मी धरतो. मला ऐकू येतंय. तुमी जरा बसा निवांत."

भाऊंनी लगेच खुर्ची सोडली. "धरा की मालक. जोडणी तुमचीच हाय."

मी बोटं ठेवली. वैशालीनं डोळे मिटले आणि सुरू केलं. मी कान देऊन ऐकत होतो. आवाज चढला की बटण खाली, उतरला की वर. पडद्यावर पट्टी पळत होती. दुसऱ्या ओळीतच ती थांबली. डोळे उघडून काचेतून बघायला लागली. पडद्याच्या उजेडामुळं तिला काचेअलीकडचं नीट दिसत नसावं.

"अहो, तुमी धरलंय का?"

"हो. कसं कळलं?"

"मागून ओढल्यासारखं व्हायलंय. मी पुढं गेले की मग येतंय."

भाऊ मागं स्टुलावर बसले होते. माझ्या तोंडाकडं बघून त्यांना कळलं असावं. ते उठून आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मालक, आवाज ऐकून फिरवलं तर उशीर होतो. तो निघून गेलेला असतो. खांद्याकडं बघा."

मी खांद्याकडं बघायचा प्रयत्न केला. पण इतक्या वर्षांत मी तिच्या खांद्यांकडं कधी बघितलंच नव्हतं, मग त्यांतलं मला काय कळणार? मी खुर्ची परत दिली. भाऊंनी बोटं ठेवली, "हां, बघू द्या" म्हणाले, आणि ती ओवी जिथं तुटली होती तिथून अशी निघाली की जणू मी मध्ये आलोच नव्हतो.

त्या दुपारी मी माझ्या दुकानात येऊन एका मोबाइलचा चांगला डिस्प्ले फोडला.

ओव्या सगळ्या झाल्या. भाऊंनी त्या तिच्या माहेरी पाठवल्या. तिथं एका घरात बायका जमल्या आणि आवाज घुमावा म्हणून फोन ताटात ठेवून त्यांनी त्या ऐकल्या, असं तिच्या आईनं सांगितलं. आई फोनवर रडत होती, वैशाली हसत होती. मी विचारलं, "आई काय म्हणल्या?" तर ही म्हणाली, "भाऊंना सांगायला पाहिजे," आणि चप्पल घालून निघाली. मी प्रश्न विचारला होता, तो तसाच घरात राहिला.

भाऊंचे कान त्या उन्हाळ्यात पुरतेच गेले. गंगेपलीकडची हाकही बंद झाली. पट्टी बघून जाहिराती कशाबशा व्हायच्या, पण एका भजनी मंडळाचं गाणं पेटीपेक्षा टाळांनीच भरलं, आणि भाऊंना ते कळलं नाही. मंडळाच्या लोकांनी भांडण केलं नाही, नुसते गप्प होऊन निघून गेले. ते गप्प जाणं भाऊंना दिसलं. आठवड्याभरात त्यांनी गाद्या उतरवल्या. मुलगी नांदेडला होती, तिच्याकडं जायचं ठरलं. सामान एका ओळखीच्या पोराला विकलं. ॲम्प्लिफायर सोडताना दोन्ही हातांनी उचलून दिला.

आम्ही दोघं त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. नांदेडची गाडी लागलेली, इंजिन चालू, सरबतवाल्यांची ओरड, कंडक्टरची शिट्टी. भाऊ खिडकीशी बसले. वैशाली खाली उभी राहून काहीतरी बोलली, पण डोळ्यांत पाणी आलं म्हणून तिनं पदर तोंडाशी धरला होता. भाऊंना ओठ दिसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मालक, ताई काय म्हणल्या?"

मी ऐकलं होतं. मला वाटलं, नीट जा म्हणतीय, असं सांगून टाकावं. भाऊ माझ्या तोंडाकडं बघत होते, ज्या नजरेनं तिच्याकडं बघायचे त्याच नजरेनं.

मी खिडकीखाली जाऊन, तोंड वर करून, एकेक शब्द सोडवून ओरडलो, "तुमच्यासारखं, मला, कुणी, ऐकलं न्हाई!"

स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. एक म्हातारी पिशवी सावरत माझ्याकडं बघत राहिली.

भाऊ म्हणाले, "हे तुमी म्हणता का त्या?"

"त्या म्हणतात!" मी परत ओरडलो.

भाऊंनी मान हलवली. गाडी हलली. खिडकीतून वाकून ते वैशालीकडं बघून काहीतरी बोलले. इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. वैशालीनं पदर खाली घेतला होता. ती त्यांच्या ओठांकडं बघत होती, आणि तिनं मान डोलावली.

गाडी फाटकातून बाहेर पडली. मी विचारलं, "काय म्हणले गं?"

"मला म्हणले ते," वैशाली म्हणाली, आणि घराच्या दिशेनं चालायला लागली.