देवीच्या कोंबड्याला औषध

जंताच्या औषधाची बाटली उघडली की तो कडवट वास नाकात जातो आणि मला कोलशेतच्या घरामागची ती सकाळ आठवते. खाडीवरून खारट वारा येत होता, पलीकडे नव्या टॉवरची ठोकाठोक चालू होती आणि आमच्या कोंबड्यांच्या विष्ठेत शेवयांसारखे पांढरे जंत वळवळत होते. गुरांच्या डॉक्टरांनी बजावलेलं, औषध सगळ्यांना एकदम द्या, एकही सोडू नका. मी एकेकीला धरून पाजत होते, तेवढ्यात सासूबाईंनी गावदेवीच्या नावानं सोडलेला लाल कोंबडा उचलून काखोटीला मारला. "याला नाय गो पाजायचा. देवीचा हाय तो, देवी बघल त्याला." लग्नाला वर्षही झालं नव्हतं माझ्या, तरी मी म्हटलं, "आई, देवीचा असला तरी हागतो आपल्याच अंगणात. त्याचे जंत उद्या परत सगळ्यांच्या पोटात जाणार." "आणि देवी कोपली मंग?" "कोपली तर माझ्यावर कोपेल," म्हणत मी कोंबडा त्यांच्या काखेतून ओढून घेतला, चोच उघडली आणि औषध सोडलं. कित्येक दिवस त्या देवीपुढे हात जोडून माझ्या वतीनं माफी मागत होत्या. जत्रेच्या सकाळी मात्र तोच कोंबडा, लालभडक तुऱ्याचा, आल्यागेल्याला दाखवत म्हणाल्या, "बघा, देवीनं कसा राखलाय!" "राखलाय ना," मी सगळ्यांसमोर म्हटलं, "माझ्या हातानं." आता औषध काढलं की पहिला मान देवीच्या कोंबड्याचा. विचारत मी कुणालाच नाही.