वटपौर्णिमेचं बी

द्रौपदीकाकी कुणाच्याही आवारात शिरताना ‘येऊ का’ म्हणून विचारत नसे. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीतली नोकरी संपवून मी गावी आलो आणि हौसेने नर्सरीतून गोंड्याची, म्हणजे झेंडूची, रोपं आणून लावली. ही शेजारीण बांध उतरून आली आणि एकेका रोपाचा शेंडा नखाने खुडत सुटली. मी धावत पोचेपर्यंत दोन ओळी बोडक्या झाल्या होत्या.

“बोंबलू नको, कंपनीवाल्या,” ती म्हणाली. “शेंडा ठेवलास तर नुसती काठी वाढंल. तिच्यावर काय कपडे वाळत घालणार हायस?”

खुडलेल्या रोपांना भरपूर फांद्या फुटल्या आणि झाडं फुलांनी लगडली. त्यावर ती चार गोड शब्द बोलली असेल असं ज्याला वाटेल, त्याने काकीला पाहिलेलंच नाही.

गावातल्या प्रत्येकाविषयी तिचं एक मत होतं आणि ते ती तोंडावर सांगे. शाळेतल्या गुरुजींनी युरिया मारून गोंडा कमरेएवढा वाढवला, फूल मात्र एक नाही. “गुरुजी, देवाला फूल घालतात, पाला बकऱ्याला,” हे तिने भर रस्त्यात ऐकवलं. घाटावरून टेम्पोने येणारी फुलं म्हणजे तिच्या लेखी मढी. तारीख बघून बी पेरणाऱ्यांची तर ती कीव करी. “तारीख सायबाची, देव आपला. कशी गाठ पडंल रे?” तिचा नेम ठरलेला होता. वटपौर्णिमेला वड पुजून आली की पडवीत बी टाकायचं आणि रोपं हाताएवढी झाली की उंच वाफ्यावर लावायची. चतुर्थीला तिचे वाफे पिवळेधमक असत. “माज्या गणपतीला इकतचं फूल कधी चढलं नाय,” एवढं एकच वाक्य ती अभिमानाने बोले, बाकी सगळं तुच्छतेने.

तिचे यजमान सखारामकाका थंडीत गेले. गरीब माणूस. काकीपुढे त्यांचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता.

त्यानंतरच्याच पावसाळ्यात अधिक श्रावण आला. म्हणजे वटपौर्णिमा आणि चतुर्थी यांच्यामध्ये अख्खा एक महिना जास्तीचा. काकीने नेहमीसारखं पौर्णिमेला बी टाकलं. धोंड्याच्या महिन्यात तिचे वाफे फुलले आणि पावसाने झोडपून जागच्या जागी कुजले. इतकी वर्षं तिची बोलणी खाल्लेल्या गावाला पर्वणीच मिळाली. “काकी, यंदा धोंड्यातच गणपती बसवलात काय?” असं कुणीही विचारू लागलं. गुरुजी तर वाट वाकडी करून वाफे बघून गेले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. बांधावर उभा राहून, तिला ऐकू जाईल असा.

माझी पहिली रोपं त्या वर्षी पाण्याने गेली होती, म्हणून दुसरी उशिरा लावलेली. अक्कल शून्य, पण फुलं नेमकी चतुर्थीला आली. आदल्या दिवशी मी टोपली भरून तिच्याकडे गेलो. मखर रिकामं होतं. बाजारातलं एक फूल तिने आणलं नव्हतं.

“इकतची?”

“नाही, माझ्या वाफ्यातली.”

तिने एकेक फूल हातात घेऊन निम्मी अंगणात भिरकावली. “ह्याला कीड. हा देठ बघ. ह्ये फूल हाय?” उरलेली पुढ्यात घेऊन ती ओवायला बसली.

“मी दरसाल त्यांना म्हनायची, उद्या बी टाकते. ते म्हनायचे, टाक. एका साली म्हनाले, यंदा म्हैनाभर थांब. मी शिव्या घातल्या, पन थांबले. का थांबायचं, त्ये इचारलं नाय.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला वाचता येत नाय. नवं पंचांग आलं की घेऊन ये.”

आपण बांधावर उभं राहून हसलो होतो, याची मला अतोनात लाज वाटली.

पुढची दोन वर्षं, ती जाईपर्यंत, मी पंचांग घेऊन तिच्या पडवीत बसलो. वाचून संपलं की ती म्हणायची, “परत वाच.”

“आत्ताच वाचलं ना, काकी.”

“ते एकदाच वाचायचे. पन ते बरोबर वाचायचे.”